डॉक टिपची सही

वेक्सलरच्या मैदानावर फुटबॉलची मॅच बघताना तुम्ही टिपणीस काकांच्या शेजारी बसलात, तर तुम्हाला स्कोअर कळणार नाही. कोणता खेळाडू किती वजनाचा जन्माला आला, ते मात्र नक्की कळेल.

"तो बावीस नंबर दिसतो ना," काका थर्मासचं झाकण फिरवत सांगतात, "सात पौंड दोन औंस. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. त्यातून सुटून आला, म्हणून बघ कसा सगळ्यांच्या हातून निसटतो." पलीकडे एखादा दांडगा मुलगा दिसला की, "तो कोल्टन. पायाळू. आठ पौंड चार औंस. आईला अठरा तास रखडवलं आणि वर पाय आधी." मी मध्येच स्कोअर विचारला तर काका मैदानाच्या टोकाला असलेल्या फळ्याकडे असे बघतात, की जणू तो आज पहिल्यांदाच कोणी तिथे उभा केला आहे.

वेक्सलर हे नेब्रास्कातलं गाव. धान्याचं उंच कोठार, एक वॉटर टॉवर, एक लुकलुकणारा सिग्नल, दोन चर्च, एक शाळा आणि चहूबाजूंनी मका. मी इथे आले ती नवऱ्यामुळे. त्याला मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली आणि एडिसनच्या, देशी दुकानांनी गजबजलेल्या ओक ट्री रोडवर वाढलेला माझा संसार उचलून आम्ही या मक्यात आलो. मी फार्मसिस्ट. गावातलं एकुलतं एक औषधांचं दुकान मी चालवते. पहिल्याच दिवशी एक प्रिस्क्रिप्शन आलं. अक्षर असं, की मी ते उलटंसुद्धा धरून पाहिलं. शेवटी मधल्या दारातून डॉक्टर स्वतःच आले, कारण त्यांचा दवाखाना आणि माझं दुकान यांत एक भिंत आणि एक दार एवढंच अंतर. त्यांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "नागपूरचे का तुम्ही लोक?" मला तिथेच रडू आलं असतं, पण गिऱ्हाईक उभं होतं.

डॉ. अरविंद टिपणीस. वय शहात्तर. बेचाळीस वर्षं या गावाचे डॉक्टर. टिपणीस हे नाव नेब्रास्काच्या जिभेला पेलेना, म्हणून पहिल्या आठवड्यातच गावाने त्यांचं 'डॉक टिप' करून टाकलं. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात बाळंतपणं बंद झाली तोवर जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल काकांच्या हातांत आलेलं. माझ्या काउंटरवर बसणारी जेनी त्यांच्याच हातांत जन्मली, आणि जेनीचा मुलगाही. तोच तो पायाळू कोल्टन. जेनीवर ओरडायचं असलं की काका म्हणतात, "साडेसहा पौंडांची होतीस, तेव्हा जास्त शहाणी होतीस."

प्रत्येकाला त्याचं जन्माचं वजन पाठ हवं, हा काकांचा कायदा. दर ऑगस्टमध्ये शाळेच्या जिममध्ये खेळाडूंची तपासणी होते. डॉक्टरने तपासून फॉर्मवर सही केल्याशिवाय कुणालाही मैदानावर पाय ठेवता येत नाही, आणि मध्ये डोक्याला लागलं की पुन्हा नवी सही लागते. काका एका खुर्चीवर बसतात, मुलांची रांग लागते. डोळे मिटून छाती ऐकायची, गुडघे ठोकायचे आणि मग विचारायचं, "वजन?" मुलाने आजचं सांगितलं की काका वैतागतात. "ते तर मला दिसतंय. पहिलं सांग." मग मुलगा पौंड आणि औंस सांगतो, काका सही करतात आणि मोठ्याने म्हणतात, "हरकत नाही." रांगेतली मुलंही ते बरोबरीने म्हणतात. गावात हे दोन शब्द इतके रुळलेत, की पेट्रोल पंपावर मला कोणी दार उघडून धरलं आणि मी थँक यू म्हटलं, तर उत्तर येतं, "हर्कट नाय."

आता थोडं फुटबॉलबद्दल. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडून त्याला आडवं करायचं, असा तो खेळ. एका बाजूला अकरा खेळाडू लागतात. मुलं कमी असलेल्या शाळांसाठी त्याचा आठ जणांचा प्रकार आहे. त्याहून कमी मुलं असलेल्यांसाठी सहा जणांचा. वेक्सलर अकरावरून आठवर आलं, आठवरून सहावर. गाव किती रिकामं झालंय हे बघायला दुसरं काही मोजावं लागत नाही. सहाच्या खाली प्रकारच नाही. तिथे शाळा दुसऱ्या शाळेत मिसळते.

"मला पंधरा वर्षं आधीच कळलं होतं," काका एकदा म्हणाले होते. त्यांच्याकडे एक तपकिरी वही आहे, तीत प्रत्येक जन्माची नोंद. "एक वर्ष संपलं आणि वहीत त्या वर्षाचे मुलगे दोनच होते. तेव्हाच समजलो, ही पोरं मोठी होतील तेव्हा टीम उभी राहणार नाही. तेव्हा गावात शाळेला नवीन जिम बांधायच्या गप्पा चालल्या होत्या. मी गप्प बसलो. लोक एवढे खुशीत होते."

आणि झालंही तसंच. पुढच्या वर्षापासून वेक्सलरची मुलं बसने ऑर्टनला जाणार, जे गाव आमचं जन्माचं वैरी. म्हणजे हा शेवटचा सीझन. टीममध्ये सात मुलं होती. सप्टेंबरात एकाचं कॉलरबोन मोडलं, उरली बरोबर सहा.

काका एकही मॅच चुकवत नाहीत. आमच्या मैदानाचे दिवे कधीचे बंद पडलेत, म्हणून मॅच शुक्रवारी दुपारी असते. काकांची जागा ठरलेली. डावीकडून तिसरा बाक, अगदी कडेला. आपल्या शेजारची जागा ते थर्मास आणि उशी ठेवून अडवतात. एकदा भर गर्दीत गावच्या पाद्र्याने तिथे बसायचा प्रयत्न केला, तर काकांनी त्याला त्याचं जन्माचं वजन ऐकवून उठवलं. काकांच्या पत्नी शैलाकाकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. ती जागा काकूंचीच असणार, असं मी धरून चालले होते. मी काकांच्या दुसऱ्या बाजूला, एक पायरी खाली बसत असे आणि त्या थर्मासला कधी धक्का लागू देत नसे.

काकांचा मुलगा निखिल, गावाचा निक, दूर पूर्वेकडे अ‍ॅशबर्नला असतो, डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. दर रविवारी त्याचा फोन येतो. काका मराठीत बोलतात, तो इंग्रजीत उत्तरं देतो. पाच-सहा मिनिटांत हवा, औषधं आणि गाडीचं ऑइल हे तिन्ही विषय संपतात. गावात तो शेवटचा आला तो काकू गेल्या तेव्हा. चार दिवस राहिला आणि गेला. मी त्यावरून काकांना एकदा छेडलं होतं, "काका, निखिलला बोलवा की एखाद्या मॅचला." काका थर्मासचं झाकण घट्ट करत म्हणाले, "तो बिझी असतो."

शेवटच्या मॅचच्या आदल्या शुक्रवारी, दुसऱ्या गावी खेळताना, कोल्टन कोणावर तरी डोकं आपटून पडला. उठला, हसला आणि पुढे खेळला. घरी कोणाला काही बोलला नाही. सोमवारी जेनीला तो स्वयंपाकघरात दूध फ्रीजऐवजी ओव्हनमध्ये ठेवताना दिसला. बुधवारी ती त्याला दवाखान्यात घेऊन आली. मधलं दार उघडंच होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते लावलं नाही.

काकांनी सगळं केलं. डोळ्यांत बॅटरी, एका पायावर उभं करणं, महिने उलटे म्हणायला लावणं. कोल्टनने महिने पाठ करून आणले असणार, तो धडाधड म्हणाला. मग काकांनी विचारलं, "वजन?"

"आठ पौंड," कोल्टन म्हणाला, आणि थांबला.

दोन वर्षांचा असल्यापासून म्हणत आलेला आकडा त्याला सापडेना. तो छताकडे बघत राहिला. जेनीने माझ्याकडे पाहिलं. चार, असं मी ओठांतल्या ओठांत म्हटलंसुद्धा, जसं काही परीक्षेत कॉपी करून त्याला पास करता आलं असतं.

सहा खेळाडू मैदानात उतरल्याशिवाय मॅच सुरूच करता येत नाही. सुरू झाल्यावर कोणी जखमी झाला तर पाचांनी खेळता येतं, पण सुरुवातीला सहा हवेतच. कोल्टन नसेल तर ऑर्टनविरुद्धची शेवटची मॅच न खेळताच हरलो. हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"डॉक, एकच मॅच," जेनी म्हणाली. "शेवटची. त्यानंतर तो आयुष्यात परत खेळणार नाही."

"डोकं त्याला त्यानंतरही लागणार आहे," काका म्हणाले. कोल्टन त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तो ते दोन शब्द ऐकायला थांबला होता आणि काका ते म्हणाले नाहीत. त्यांनी पेन खिशाला लावलं.

संध्याकाळी मी दुकान बंद करत होते आणि काका मधल्या दारातून निघत होते, तेवढ्यात कोच डेल आला. सत्तरीचा, ताडमाड, गावातल्या तीन पिढ्यांना त्याने खेळवलेलं. काकांसमोर टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, आता हा भांडणार, नाहीतर गळ घालणार.

"मी काही मागायला आलो नाही, टिप," तो म्हणाला. "लोक म्हणतात, ऑर्टनच्या डॉक्टरकडून सही आणा. मी म्हटलं, टिप नाही म्हणाला म्हणजे नाही. ते वर्ष आठवतं? माझ्याकडे दहा पोरं होती आणि निक अकरावा. तू स्वतःच्या मुलाच्या फॉर्मवर सही केली नाहीस. त्याच्या हृदयात दोष आहे हे गावासमोर सांगितलंस. मी पोरांना अजून सांगतो, सरळ माणूस कसा असतो ते." त्याने काकांच्या खांद्यावर थाप मारली आणि निघून गेला.

काका माझ्या खुर्चीत येऊन बसले. मी विचारलं, पाणी देऊ का. ते म्हणाले, "नको." आणि कोट न घालताच घरी गेले. बाहेर ऑक्टोबरची थंडी होती. मी कोट घेऊन मागे धावले, तो त्यांनी हातात घेतला आणि तसाच हातात ठेवून चालत राहिले.

शुक्रवारी मॅच नव्हती, पण सगळं गाव मैदानावर आलं. माणसं बाकांवर बसली, पोरांनी जर्सी घातल्या. ऑर्टनची टीमही बस घेऊन आली होती, यायचं काही कारण नसताना. माईकवरून आमच्या सातही मुलांची नावं एकेक करून वाचली गेली आणि ती धावत मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कोल्टनला चालत जायला सांगितलं होतं, तो चालत गेला. ऑर्टनच्या मुलांनी रांगेने हात मिळवले. माझ्या शेजारी जेनी मोठमोठ्याने रडत होती. मीही रडले. मला या खेळाचे नियम अजून नीट कळत नाहीत, तरी रडले.

डावीकडून तिसऱ्या बाकाची कड रिकामी होती. थर्मासही नव्हता. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी गाडी काढली आणि काकांच्या घरी बघून दवाखान्यात आले. काका टेबलाशी बसले होते. समोर खेळाडूंच्या तपासणीचा फॉर्म होता, नावाखेरीज सगळा कोरा. मला वाटलं, कोल्टनचा. वर नाव वाचलं तर निखिल टिपणीस.

"बस," काका म्हणाले. "त्याच्या हृदयात काही नव्हतं."

मला आधी समजलंच नाही.

"मर्मर म्हणतात. ठोक्यांच्या मध्ये एक बारीक फुरफुर ऐकू येते. ती त्याला आहे असं मी फॉर्मवर लिहिलं. नव्हती. घड्याळासारखं चालत होतं त्याचं हृदय." ते फॉर्मकडे बघूनच बोलत होते. "सोळा वर्षांचा होता. खेळायचं वेड लागलं होतं. मला भीती, की हा अभ्यास सोडेल, इथेच राहील, मका पेरेल. बाप म्हणून नाही म्हणता आलं असतं. पण ज्या गावाने आपल्याला घर दिलं त्या गावाला कसं सांगायचं, की माझा मुलगा तुमच्या मुलांबरोबर वेळ घालवायला नको? मला लाज वाटली गं. मग मी डॉक्टर म्हणून नाही म्हटलं. डॉक्टरला कोणी उलटं विचारत नाही."

त्या वर्षी दहाच मुलं राहिली आणि टीम अकरावरून आठवर आली. निखिलने धावणं सोडलं. जिना चढताना छातीवर हात ठेवायचा, काका म्हणाले. पुढची दोन वर्षं प्रत्येक मॅचला आई-वडिलांच्या मध्ये बसून त्याने आपल्या मित्रांना खेळताना पाहिलं. डावीकडून तिसऱ्या बाकावर. ती थर्मासची जागा काकूंची नव्हती.

"कॉलेजात गेल्यावर तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, काही नाही. त्याचा फोन आला. विचारलं, बाबा, वॉज इट एव्हर देअर? आणि मी म्हटलं, काही मर्मर मोठेपणी जातात." काकांनी चष्मा काढला. "ते खरंही आहे गं. पुस्तकात आहे. म्हणून तर ते इतकं वाईट खोटं. शैलाला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, मी सांगणार नाही, तुम्ही सांगा. मी सांगायच्या आधीच ती गेली. आणि परवा डेल मला सरळ माणूस म्हणून गेला."

मला काकांचा राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीवर हात ठेवून जिना चढणारा मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही. खुर्ची ओढली आणि बसले.

त्यांनी फॉर्म भरला. उंची आणि वजनाचे रकाने रिकामे ठेवले, कारण ती आता त्यांना माहीत नव्हती. 'हृदय' या रकान्यात लिहिलं, 'उत्तम. तेव्हाही होतं. मी खोटं लिहिलं.' खाली मराठीत, एकेक अक्षर सुटं काढत, 'खेळायला हरकत नाही.' आणि सही. इतकं स्वच्छ अक्षर मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. तुझ्या दुकानातून फॅक्स कर, म्हणाले.

"काका, निखिलकडे फॅक्स मशीन नसणार."

"मग एवढ्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये ठेवतात तरी काय?"

मी त्यांच्याच फोनवरून फॉर्मचा फोटो काढला. पाठवण्याआधी विचारलं, "नक्की ना?" त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने निखिलने तो पाहिल्याची खूण आली. आम्ही अर्धा तास बसलो. उत्तर आलं नाही.

मग काका उठले आणि म्हणाले, "मला डेलकडे सोड." मी त्यांना सोडलं. दारात ते दोघे काय बोलले ते मला माहीत नाही. गाडीतून एवढंच दिसलं, की डेल ऐकता ऐकता पायरीवर बसला, आणि बऱ्याच वेळाने सरकून त्याने काकांना बसायला जागा केली.

शनिवार गेला. रविवारी फोन आला नाही. गेल्या कित्येक वर्षांत असा रविवार गेला नव्हता.

सोमवारी सकाळी काका रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात आले. गोळ्या अजून पंधरा दिवसांच्या शिल्लक होत्या, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी फोन काउंटरवर माझ्यापुढे सरकवला. निखिलचं उत्तर पहाटे आलं होतं. ना 'बाबा' अशी हाक, ना रागाचा एक शब्द, ना माफीचा. इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं, सहा पौंड नऊ औंस.

"बर्फाने रस्ता बंद होता त्या दिवशी," काका म्हणाले. "हॉस्पिटलपर्यंत पोचलोच नाही. घरीच, माझ्याच हातांत आला."

मी ते पुन्हा वाचलं. या माणसाचं अक्षर मी इतकी वर्षं लावत आले, पण त्याच्या मुलाच्या त्या एका ओळीत काय आहे, ते मला लागेना. "काका, याचा अर्थ काय घ्यायचा?"

काकांनी फोन उचलून खिशात ठेवला.

"म्हणजे डोकं शाबूत आहे पोराचं," ते म्हणाले, आणि जेनीच्या आणि दोन गिऱ्हाइकांच्या देखत माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडू लागले.